‘विचारतील का?’ न विचारता वाचलेला महिना

‘सत्तांतर’ कुणाचं? व्यंकटेश माडगूळकर. साहित्य अकादमी कधी मिळालं? १९८३. ‘झाडाझडती’? विश्वास पाटील, १९९२. ‘बलुतं’? दया पवार, १९७८. ‘कोसला’? भालचंद्र नेमाडे, १९६३. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. गेली तीन वर्षं पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून मी अशी शंभरेक पुस्तकं पाठ केली. म्हणजे त्यांची नावं. त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं.

यंदा जून संपता संपता खोली सोडली आणि गावी आले. गाव भोर तालुक्यात, धरणाच्या पाण्याला लागून. कुठल्या धरणाच्या ते लिहीत नाही. आमच्याकडे धरण सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की घर. मुक्कामी एसटी पोचली तेव्हा लाइट गेली होती, पाऊस धो धो, आणि माझ्याकडे तीन पोती. गाईडं, प्रश्नसंच, चालू घडामोडींची मासिकं. आजीनं बॅटरीच्या उजेडात पोत्यांकडे बघितलं आणि विचारलं, “रद्दी आणलीस व्हय गं?”

मी हसले. मग रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी चुलते आले. चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, मग विषय निघाला तो दाखल्याचा. ज्यांची जमीन प्रकल्पात गेली त्यांच्या घरातल्या एकाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो आणि सरकारी भरतीत, गट क आणि गट डच्या पदांसाठी, प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के जागा राखीव असतात. आमच्या आजोबांच्या खात्यावरचा तो एकुलता एक दाखला माझ्या नावावर आहे. चुलत भाऊ भरतीची तयारी करतोय. “तुझी तीन वर्षं झाली बाय,” काका म्हणाले, “आता दादाच्या नावावर करून दिलास तर...” वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. आई चुलीपाशी होती, तिनंही मागं वळून बघितलं नाही. मी महिन्याची मुदत मागितली.

तर असा माझ्या हातात एक महिना होता. २०२५ चा जुलै. अभ्यास करायचा नाही, असं ठरवलेलं. गावात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी, देवळामागच्या टेकाडावर, आणि पावसात तिथं कोण जाणार? रील्स बंद पडली ती माझ्या मनोनिग्रहामुळे नाही, हे आधीच कबूल करते.

२ तारखेला आप्पांबरोबर खत आणायला भोरला गेले आणि ते दुकानात असेपर्यंत वाचनालयात शिरले. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आणि त्यानुसार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, हे मला तोंडपाठ. पण वाचनालयात सभासद कसं व्हायचं हे माहीत नव्हतं. अनामत भरली. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस. टेबलामागच्या ताईंनी विचारलं, “काय वाचता?” मी म्हटलं, “काहीही.” त्या म्हणाल्या, “तसं नसतं हो. काहीही म्हणणारे लोक काहीच नेत नाहीत.” मग त्यांनीच ‘बनगरवाडी’ काढून दिलं, कारण ते छोटं आहे. दुसरं मी उचललं, पक्षी ओळखायचं एक गाईड. त्यात चित्रं होती, एवढंच कारण.

घरी येऊन आधी गाईडच उघडलं. कादंबरीची भीती वाटत होती, खरं सांगते. आणि इथं पहिला धक्का बसला. आमच्या घरामागच्या ओढ्यावर पावसाळ्यात पहाटे कुणीतरी शीळ घालतं. सरळ सूर नाही, एखादा पोरगा उगाच गाणं आठवत आठवत शीळ घालत चाललाय असं वाटतं. लहानपणी आम्हाला सांगायचे की तो ओढ्यातला माणूस आहे, हाकेला ओ द्यायची नाही. गाईडात त्याचं नाव सापडलं: शीळकरी कस्तूर. निळसर काळा, ओढ्याकाठी राहणारा, आणि पावसाळा हाच त्याचा गाण्याचा मोसम. पंचवीस वर्षं मी त्या माणसाला घाबरत होते! आजीला चित्र दाखवलं. ती म्हणाली, “पाखरू हाय ते आमाला म्हाईतच हुतं. पोरं ओढ्याला जाऊ नयेत म्हणून सांगायचो.”

१८ जूनला मारुती चितमपल्ली गेले, तेव्हा अभ्यासिकेत आम्ही त्यांचं नाव चालू घडामोडींच्या वहीत लिहिलं होतं: पद्मश्री २०२५, वनाधिकारी, पक्षिकोश. एका ओळीत माणूस संपला. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द मराठीला त्यांनी दिले, हे मी पाठ केलेलं. पण आमच्या पाणवठ्यावरच्या बाभळींवर बगळ्यांची जी घरटी आहेत ते सारंगागार, हे मला गाईड हातात घेऊन चिखलात उभी राहिल्यावर कळलं. शब्द माझ्याकडे होता, वस्तू दाराशी होती, दोघांची भेट झालेली नव्हती.

त्याच आठवड्यात लावणी सुरू झाली. यंदा मे महिन्यातच पाऊस आला, रोपं टाकायला वाफसा मिळेना, त्यामुळे सगळं मागंपुढं झालेलं. खताच्या दुकानातून आप्पांबरोबर एक घडीपत्रिकाही आली होती, चारसूत्री भातलागवडीची. तुम्ही म्हणाल, याला वाचन म्हणायचं का? मी म्हणते. त्या महिन्यात मी सगळ्यात लक्ष देऊन वाचलेलं ते लिखाण होतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती आणि ती खाचरात होती. चूड पंचवीस सेंटिमीटरवर, मग पंधरावर, पुन्हा पंचवीसवर; चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी खुपसायची. मी सुतळीला खुणा करून दोरी बनवली. आप्पा म्हणाले, “एका खाचराला करून बघ, सगळीकडं नाय.” एका खाचराला केलं. रांगा इतक्या सरळ आल्या की येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि हसत होते. आता पीक येईल तेव्हा कोण हसतंय ते बघू.

‘बनगरवाडी’ मात्र अडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि डोक्यात ठरलेला प्रश्न आला: हे विचारतील का? तिसऱ्या पानावर माझ्या हातात पेन्सिल होती. मी अधोरेखित करत होते. वाचनालयाच्या पुस्तकात! गावाचं नाव, माणसांची नावं, मेंढ्यांची संख्या. एवढ्या वर्षांची सवय, हाताला कोण सांगणार? पाच-सहा पानं झाल्यावर लक्षात आलं की गोष्ट काय चाललीय ते मला माहीतच नाही. पेन्सिल आईच्या मसाल्याच्या डब्यात टाकली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं. मोठ्यानं वाचलं की पळता येत नाही.

आणि मग पुस्तकानं धरलं. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला कोवळा मास्तर, मेंढरं, आणि हळूहळू येणारा दुष्काळ. बाहेर पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, आणि पुस्तकात पाण्याचा थेंब नाही. माडगूळकर कुठंही रडत नाहीत, हे मला फार आवडलं. वाडी रिकामी होत जाते आणि ते नुसतं सांगत जातात. तिथं पाणी आलं नाही म्हणून गाव उठलं, आमच्याकडं पाणी साठवलं म्हणून उठलं. हा विचार तेव्हा येऊन गेला. मी तो बाजूला ठेवला.

१० तारखेला पुस्तकं परत करताना ताईंना पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. “या कुणी केल्या?” मी कबूल केलं. खोडरबर हातात देऊन त्यांनी मला बाकावर बसवलं. पंचविसाव्या वर्षी, चार म्हाताऱ्या पेपरवाल्या आजोबांसमोर, मी रेघा खोडल्या. नंतर त्यांनी ‘कोसला’ दिलं. आणि मीच मागितलं ते ‘झाडाझडती’. ताई एवढंच म्हणाल्या, “जड आहे. वजनानं नाही म्हणत.”

११ तारखेला मामाकडे गेले. मामाचं गाव वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याच्या अंगाला. तालुक्याचं सरकारी नाव आता राजगड झालंय, पण मामाच्या तोंडी वेल्हेच. भोरहून नसरापूरला यायचं, तिथं गाडी बदलायची आणि गुंजवणीच्या खोऱ्यात शिरायचं. मामा-मामी ट्रेकर लोकांना जेवण देतात: पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. आणि त्यांच्या ओटीवर एक खोकं आहे, ज्यात ट्रेकर विसरून गेलेल्या वस्तू असतात. एका पायाचे मोजे, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या. आणि पुस्तकं! मामी ती फेकत नाही. सरस्वती म्हणून नाही, ओल्या लाकडांना पेटवण म्हणून ठेवलेली. मी वेळेवर पोचले.

खोक्यात काय नव्हतं? दोरीच्या गाठींचं एक इंग्रजी गाईड, आकाशदर्शनाचं एक मराठी पुस्तक, ‘रुचिरा’ची कव्हर गेलेली प्रत (डोंगर चढायला ‘रुचिरा’ घेऊन कोण आलं असेल?), नारायण धारपांचं एक भयकथांचं पुस्तक आणि गोनीदांचं ‘वाघरू’.

गाठींच्या गाईडात एका गाठीला पाच आकृत्या होत्या. मी दोन तास घालवून ती शिकले आणि मामाला दाखवली. मामानं गोठ्यातलं दावं उचललं, बैलाच्या गळ्याभोवती हात फिरवला, झाली तीच गाठ. “हिला नाव बी हाय?” त्यानं विचारलं. मी इंग्रजी नाव सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

‘रुचिरा’चं तर मी नाव ऐकून होते. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं. मापं वाटी-चमच्यात दिल्यामुळे नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलींच्या हातात ते पिढ्यान् पिढ्या गेलं. मी मामीला एक कृती वाचून दाखवली. वाटीभर हे, चमचाभर ते. मामी थांबवून म्हणाली, “कुणाची वाटी?” प्रश्न बरोबर आहे. तिच्याकडे चाळीस माणसांचा स्वयंपाक पातेल्याच्या मापानं होतो. पण रात्री ती एकटीच चिमणीच्या उजेडात पानं उलटताना दिसली, आणि सकाळी ‘रुचिरा’ खोक्यात नव्हतं, फडताळात होतं.

धारप एका रात्रीत संपले. ‘तुंबाड’ सिनेमामागं त्यांची गोष्ट होती हे समजल्यापासून वाचायचे होतेच. एकच सल्ला: डोंगराखालच्या घरात, लाइट गेलेली असताना, ओटीवर झोपायचं असेल तर वाचू नका.

‘वाघरू’ वाचलं तो दिवस शनिवार, १२ जुलै. आदल्या दिवशी पॅरिसमध्ये युनेस्कोनं बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहे. समोरचा तोरणा मात्र नाही, यावर मामाच्या ओटीवर कडाक्याचा वाद झाला. मोबाइलवर फटाक्यांचे व्हिडिओ येत होते, रविवारी गाड्यांची रांग लागणार म्हणून मामी दोन पायली पीठ जादा दळून आणत होती, आणि मी कोपऱ्यात बसून याच राजगडावरची कादंबरी वाचत होते. गोनीदांच्या दुर्गकथा वाचल्या की एक गोष्ट कळते. आपण किल्ल्यावर जातो तेव्हा राजे, मावळे, तोफा शोधतो. गोनीदा तिथं राहणाऱ्या माणसाला शोधतात, ज्याची गुरं माचीवर चरतात, ज्याला रात्री वाघराची चाहूल लागते. भाषा जरा गोड आहे, मला कुठं कुठं जास्तच गोड वाटली. मामाला एक प्रकरण वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आमच्यावानी बोलतोय, पर आमच्यापरीस चांगला.” याहून नेमकी समीक्षा मला जमणार नाही.

त्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, आज बारा जुलै, पानशेतची तारीख. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. मी तीन वर्षं पुण्यात राहिले; तिथं ‘पानशेत’ म्हटलं की लोकांना पूर आठवतो, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवतात. पानशेत हे वेल्हे तालुक्यातलं ठिकाण आहे, त्या पाण्याखाली गावं होती, ती कुठं गेली, हे मला तिथं कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. आमच्या या दोन तालुक्यांत किती पाणी अडवलंय बघा: भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. वेळवंडीच्या खोऱ्यात कांबरेश्वराचं देऊळ आहे, ते भाटघरचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की बाहेर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. लोक फोटो काढायला जातात. मीही काढलेत.

‘कोसला’बद्दल थोडक्यात सांगते, कारण माझं आणि त्याचं जमलं नाही. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, बापाचे पैसे घालवतो. मला वाटलं, अरे, अशी पोरं तर आमच्या अभ्यासिकेत रांगेनं बसलेली आहेत, आणि त्यांच्यासाठी डबा घासणारी बहीण गावाकडं आहे, तिच्यावर कादंबरी कोण लिहिणार? अर्ध्यात सोडलं. नेमाड्यांनी ते पंचविशीत लिहिलं हे आठवून मात्र पोटात कालवलं. त्याच वयात माझ्याकडे हॉल तिकिटांची एक फाइल आहे. पुन्हा कधीतरी वाचेन. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यात सोडता येतं, हेही मला या महिन्यातच कळलं; सिलॅबस सोडता येत नाही.

१५ तारखेला परतताना भोरला ‘कोसला’ दिलं आणि जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ घेतलं. नारळीकर मे महिन्यात गेले, त्यांचीही वहीत एक ओळ झालेली. पण मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. केवढा मोठा शास्त्रज्ञ, पण बक्षीस नावामुळे मिळायला नको! राखीव दाखल्याचा विचार डोक्यात घोळत असताना हे वाचणं काही सोपं नव्हतं.

आता गंमत बघा. आकाशदर्शनाचं पुस्तक माझ्या हातात आलं ते जुलैत, जेव्हा आमच्याकडे आकाश नसतंच. रोज रात्री मी ढगांखाली बसून नकाशे वाचायची. २२ तारखेला आजी म्हणाली, “आज उघडीप दील. तरणा गेला, म्हातारा लागलाय.” तुम्हाला माहीत नसेल तर सांगते: पुनर्वसूचा पाऊस म्हणजे तरणा, पुष्याचा म्हणजे म्हातारा. आणि खरंच, नऊच्या सुमाराला दक्षिणेकडचा ढग फाटला. अवस दोन दिवसांवर, चंद्र नाही. पुस्तकातला वृश्चिक जसाच्या तसा डोंगरावर टेकलेला, छातीत तांबडी ज्येष्ठा. मी आजीला म्हटलं, आता मला तुझा पुष्य दाखव. ती म्हणाली, “त्यो कुठं दिसतो? पाऊस दिसतो त्याचा.” पुस्तकात शोधलं तेव्हा कळलं की आजी बरोबर होती. पावसाचं नक्षत्र म्हणजे त्या वेळी सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते. सूर्याबरोबरच उगवतं आणि मावळतं, मग रात्री दिसणार कसं? आयुष्यभर आजीनं न दिसणाऱ्या ताऱ्यांवर शेती केली होती. दहा मिनिटांत ढग पुन्हा मिटले.

‘झाडाझडती’ १० तारखेपासून पिशवीत होतं. शेवटी काढलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. आणि एकटीनं वाचवेना म्हणून मोठ्यानं वाचू लागले, संध्याकाळी, चुलीपाशी. आजी शेंगा सोलत बसायची. तिला अक्षरओळख नाही. धरणात जाणारं जांभळी गाव, खैरमोडे गुरुजी, पुढारी, साहेब लोक, पुनर्वसनाचे कागद. विश्वास पाटील स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे कागद कसा फिरतो हे त्यांना आतून माहीत आहे, आणि ते ओळीओळीत दिसतं. माझ्यासारखीला, जी त्याच कार्यालयांत खुर्ची मिळावी म्हणून तीन वर्षं घासत होती, हे वाचून काय वाटलं असेल? मला वाटलं, मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसणार आहे, हे कधी ठरवलंच नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी आजी काहीच बोलली नाही. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाली, “नाव बदाललंय निस्तं.” तिसऱ्या संध्याकाळी तिनं मला मध्येच थांबवलं.

“आमच्याकडं झाडं मोजायला आलं हुतं,” ती म्हणाली. “आंबा म्हणून लिवलं, आंबा म्हणून, आंबा म्हणून. पाच डाव आंबाच लिवलं. अगं, एक शेंदऱ्या हुता, एक शेपू हुता, एक खोबऱ्या. शेपूचं लोणचं घालायचं नस्तं. त्यानला काय ठावं?”

मग म्हणाली, “ठेव आता. फुडचं मला म्हाईताय.”

मी पुस्तक ठेवलं. आत जाऊन ट्रंकेतून दाखला काढला. आजवर तो मी शंभर वेळा झेरॉक्स केलाय, फॉर्मला जोडलाय, स्कॅन करून अपलोड केलाय. वाचला कधीच नव्हता. एक पान आहे. आजोबांचं नाव, गावाचं नाव, गट क्रमांक, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, शिक्का. आजीपाशी बसून तो तिला वाचून दाखवला. गट क्रमांक सांगितला की ती डोळे मिटून विचारायची, “त्ये कंचं? ओढ्याकडचं का?” मी म्हणायची, माहीत नाही गं, नुसता नंबर आहे. मग क्षेत्रावरून ती ओळखायची. हे मोठं खाचर. ही वडाची पट्टी. हे देवाचं, ते आपलं नव्हतंच, पण कागदावर आपलं होतं. मसाल्याच्या डब्यातली पेन्सिल शोधली आणि झेरॉक्सच्या मागच्या बाजूला सगळी नावं लिहून घेतली. शेताला सात नावं झाली, आंब्यांना पाच. घराच्या उंबऱ्याला कुठलं लाकूड होतं तेही तिनं सांगितलं. तोही उंबरा पाण्याखाली आहे, कारण तो काढायला गेले तेव्हा पाणी अंगणात आलं होतं.

पुण्यातल्या मैत्रिणीला टेकाडावरून फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “भारी! मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय ना, निबंधाला वापर.” तिची चूक नाही. महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

३१ तारखेला सकाळच्या एसटीनं भोरला गेले. चुलत भाऊ बरोबर होता, त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल. दाखला त्याच्या नावावर करायला मी हो म्हटलंय. त्याग वगैरे काही नाही, तो धावतो चांगला आणि त्याचं वय बसतंय. मी परीक्षा देईन तर दाखल्याशिवाय देईन, आणि देईन की नाही ते भात पोटरीला येईपर्यंत ठरवायचं आहे. मूळ कागद त्याला दिला. पेन्सिलीची झेरॉक्स माझ्याकडे राहिली. तो म्हणाला, “मागं काय लिवलंय?” मी दाखवलं. बसस्टँडवर उभ्या उभ्या त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, “शेपू कुठं हुता, ओढ्याच्या अल्याड का पल्याड?” मला माहीत नव्हतं. आजीला विचारायचं राहिलंय.

वाचनालयात ‘यक्षांची देणगी’ परत केलं. ‘झाडाझडती’ टेबलावर ठेवलं आणि मुदत वाढवून मागितली. दुसऱ्यांदा. ताईंनी पानं चाळून बघितली, रेघा आहेत का म्हणून. नव्हत्या.

“अजून झालं नाही?” त्यांनी विचारलं.

“माझं झालंय,” मी म्हटलं. “आजीचं व्हायचंय. काल म्हणाली, गुरुजींचं पुढं काय झालं ते वाच.”